न सापडलेली घागर

सोमवारी सकाळी लॉ कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर नेहमीचं भांडण चाललं होतं. एका प्राध्यापकांनी निरोप धाडला होता, की अमुक मुलीच्या निवड झालेल्या लेखावर माझं नाव वर घाला आणि तिचं खाली. त्यांना बढतीसाठी छापील लेख हवा होता. लेखातली एक ओळसुद्धा त्यांची नव्हती.

"सर म्हणत्यात, मार्गदर्शन केलंय," शिपाई बिराप्पा म्हणाला.

"काय मार्गदर्शन केलं?" अल्फियानं विचारलं.

"ते मला काय म्हाईत? दारात उभं राहून 'लिही, लिही' म्हणताना मी ऐकलंय."

खोलीतली पोरं हसली. जयराज हसला नाही. त्यानं निरोपाचा कागद उलटा केला आणि मागं लाल पेनानं लिहिलं, 'ज्यानं लिहिलं त्याचंच नाव.' कागद बिराप्पाच्या हातात कोंबून तो म्हणाला, "नेऊन दे सरांना. कुणी लिहिलं विचारलं तर माझं नाव सांग."

असा हा जयराज. कराडजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावचा, ऊसवाल्या घरातला, कायद्याच्या चौथ्या वर्षाला. सांगलीतल्या त्या कॉलेजात 'न्यायकाठ' नावाचं नियतकालिक निघतं, वर्षातून दोनदा, आणि ते विद्यार्थीच चालवतात. लेख निवडायचे त्यांनी, तपासायचे त्यांनी, छापखान्यात खेटे घालायचे त्यांनी. अल्फिया पाचव्या वर्षाची, हळदीच्या अडत्याची मुलगी, मुख्य संपादक. तळटिपा तपासायचं काम जयराजकडं. लेखकानं 'अमुक निकालात असं म्हटलंय' असं लिहिलं, की तो निकाल काढून बघायचा, शब्दाला शब्द. ह्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वल्पविराम चुकला तरी तो लेख परत धाडायचा.

पण दुसऱ्याच्या खोट्यावर लाल पेन चालवणारा स्वतः खरा असतोच असं नाही. उलट बऱ्याचदा आपलं खोटं लपवायलाच लाल पेन हातात धरलेलं असतं.

न्यायकाठचे दोन नियम होते. पहिला, लेख आला की नावाचं पान कापून पाकिटात बंद करायचं, पाकिटावर आकडा टाकायचा आणि पाकीट अल्फियाच्या टेबलाच्या खणात ठेवायचं. लेख छापायचा की नाही हे ठरेपर्यंत ते पाकीट कुणी फोडायचं नाही. लिहिणारा न्यायाधीश आहे की चहावाला, हे कळूच द्यायचं नाही. दुसरा नियम, लेखातल्या गोष्टीशी आपला घरचा, रक्ताचा संबंध असला, तर तपासणाऱ्यानं सांगायचं आणि खुर्चीवरून उठायचं.

त्या दिवशी अल्फियानं जयराजपुढं सतरा नंबरचा लेख ठेवला.

"हा बघ. टाइपरायटरवर लिहिलाय. आजच्या काळात." ती म्हणाली. "पण वाचताना अंगावर काटा आला माझ्या. दोन जिल्ह्यांतले एकेचाळीस निकाल. सासरी मेलेल्या बायकांचे. सगळे आरोपी सुटलेले. आणि हा माणूस म्हणतो, ह्या एकेचाळीस खटल्यांत घरच्या साक्षीदारांनी एकच वाक्य सांगितलंय. पाय घसरला."

जयराजनं लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. पण एकेचाळीस घरं म्हणजे एकेचाळीस घरं. त्यातलं आपलंच कशाला असेल?

तपासायची रीत अशी, की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं लेखातल्या ओळीवर बोट ठेवून खूण करत जायचं. लेखकानं साक्षींच्या नकला जोडल्या होत्या. माणसांची, गावांची नावं काळ्या शाईनं झाकलेली. जयराज वाचायला बसला, अल्फिया खुणा करायला. बावीस तळटिपा सरळ गेल्या. तेविसावी आली.

"बचावाचा साक्षीदार क्रमांक चार," जयराजनं वाचलं. "वय एकोणीस, शिक्षण चालू. मयत ही माझी भावजय..."

तो थांबला.

"पुढं," अल्फिया म्हणाली.

"मयत ही माझी भावजय. घटनेच्या वेळी ती डाव्या हातात घागर घेऊन माडीवरून खाली येत होती. तिचा पाय घसरला. मी खोलीत अभ्यास करत होतो. आवाज ऐकून बाहेर आलो, तेव्हा ती जिन्याखाली पडलेली होती. माझ्या भावाचे व तिचे संबंध चांगले होते."

"बरोबर." अल्फियानं खूण केली. "आता लेखक काय म्हणतो ऐक. म्हणतो, ह्या घरातल्या चौघांनी साक्ष दिली. बाप, आई, चुलता आणि दीर. चौघांच्या तोंडी हेच वाक्य, शब्दही इकडचा तिकडं नाही. चौघांनी घागर बघितली, चौघांनी ती डाव्या हातात बघितली. पण पंचनाम्यात जिना आहे, रक्त आहे, फुटलेल्या बांगड्या आहेत, घागर नाही. शवविच्छेदनात पाठीवर पट्ट्याचे सात वळ आहेत. जिन्याला पट्टा नसतो." तिनं मान वर केली. "कसला लिहितो रे हा माणूस."

जयराजनं हातातली नक्कल पालथी ठेवली. नियमाप्रमाणं त्यानं त्या क्षणी खुर्चीवरून उठायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की अल्फिया, हे माझं घर आहे. तो उठला नाही.

"हा लेख छापण्याजोगा नाही," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"पद्धत. एकेचाळीस निकाल घेऊन काही सिद्ध होत नाही. कोर्टानं निर्दोष सोडलेल्या माणसांवर हा शिंतोडे उडवतोय."

"नावं झाकलीत की."

"तरीपण."

"तरीपण म्हणजे काय? स्वल्पविरामावरनं लेख परत धाडणारा तू, आणि आता 'तरीपण' म्हणतोस?" अल्फियानं त्याच्याकडं नीट बघितलं. "बरं वाटत नाही का तुला? घामाघूम झालायस."

"ऊन आहे," जयराज म्हणाला.

दुपारी अल्फिया छापखान्यात गेली. जयराजनं तिचा खण उघडला, सतरा नंबरचं पाकीट काढलं आणि फोडलं. कुणीतरी वैरी असेल, भावाच्या विरोधातला एखादा वकील असेल, अशी त्याची खात्री होती. आतल्या पानावर लिहिलं होतं: लालासाहेब, निवृत्त टंकलेखक, सत्र न्यायालय. शिक्षण बारावी. खाली साताऱ्याचा पत्ता.

बारावी पास टायपिस्ट! जयराजला आधी हसू आलं, मग राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते भय होतं. त्यानं घरी फोन लावला.

"दादा, आपल्या केसवर एकानं लिवलंय. छापायला आलंय."

पलीकडं विश्वजीत, त्याचा थोरला भाऊ. ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडीच्या टोळ्या, गावात वट. "कोण हाय त्यो?"

"दादा, मी बघतो. मी लेख पाडतो."

"नाव सांग."

"दादा, नुसतं बोलायचं हां त्याच्याशी."

"बोलायचंच हाय रं. मी काय राक्षस हाय व्हय?"

आणि जयराजनं नाव सांगितलं. पत्ताही सांगितला.

इथं थोडं मागं जायला हवं.

चार वर्षांपूर्वी, बारावीच्या सुट्टीत, जयराज घरात खोलीत बसला होता. हातात प्रवेशपरीक्षेचं पुस्तक होतं. त्या परीक्षेचा फॉर्म त्याच्या वहिनीनं, संयोगितानं, मोबाइलवर भरून दिला होता. "भाऊजी, तुमी वकील व्हा, म्हंजे ह्या घरात एक तरी नीट बोलणारं माणूस हुईल," असं ती म्हणाली होती. ती आटपाडीची. त्या दिवशी तिनं माहेरच्या जत्रेला जाऊ का, असं नवऱ्याला विचारलं. सकाळी एकदा विचारलं होतं, दुपारी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं, एवढंच तिचं चुकलं.

विश्वजीतनं आधी पट्टा काढला. पट्ट्यानं दम लागला तेव्हा ट्रॅक्टरचा पाना घेतला. जयराजनं दाराच्या फटीतून सगळं बघितलं. तिचे केस भावाच्या मुठीत होते आणि डोकं उंबऱ्यावर आपटत होतं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. बाप अंगणात गुरांना वैरण टाकत होता, टाकत राहिला. नंतर तिला जिन्याखाली नेऊन टाकलं. चुलत्यानं जयराजला उसाच्या फडात नेलं आणि ते वाक्य पाढ्यासारखं घोकून घेतलं. डाव्या हातात घागर. परत म्हण. डाव्या हातात घागर. पोलीस यायच्या आत जिन्याखाली खरी घागर ठेवायची मात्र सगळेच विसरले.

दोन वर्षांनी कोर्टात ते वाक्य जयराजनं म्हटलं. तेव्हा तो कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. शपथ म्हणजे काय, यावर त्याला त्याच वर्षी पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

गुरुवारी विश्वजीतनं जयराजला कराडला नाक्यावर बोलावलं. जीपमध्ये त्याच्याबरोबर त्याचा एक माणूस होता, धनाजी. जाताना विश्वजीतनं दोघांना उसाचा रस पाजला, आलं-लिंबू मारून. "वकीलसाहेब, आज तुमीच बोला म्हाताऱ्याशी," तो म्हणाला. "कायद्याचं समजावून सांगा त्येला." तो मजेत होता. माणसं मारायला निघालेला माणूस तोंडावरून ओळखू येतो, असं ज्याला वाटतं त्यानं असा माणूस बघितलेला नसतो.

साताऱ्यात किल्ल्याच्या उतारावरच्या एका चाळीत, वरच्या मजल्यावर, लालासाहेब राहत होते. बाहेरून दगडी जिना. सडपातळ म्हातारा, बनियन आणि पायजमा, नाकावर चष्मा. टेबलावर जुना टाइपरायटर. आत त्यांची बायको भामाबाई शेंगा निवडत होती.

"न्यायकाठकडनं आलोय," जयराज म्हणाला.

"या की. भामा, चहा टाक." लालासाहेबांनी खुर्ची पुढं केली, आणि मग त्यांचा हात खुर्चीवरच राहिला. त्यांनी जयराजकडं बघितलं, मागं उभ्या विश्वजीतकडं बघितलं. "चहा ऱ्हाऊ दे, भामा."

"काका, तो लेख मागं घ्या," जयराजनं घाईनं सांगितलं. "तुमचं भलं सांगतोय. अब्रुनुकसानीचा दावा होईल तुमच्यावर. तुम्ही वकील नाही, तुम्हाला ह्यातलं कळत नाही."

"व्हय, बारावी हाय मी," लालासाहेब म्हणाले. "पर बत्तीस वर्सं साक्षी टाइप केल्यात. वकिलाला त्येची एक केस दिसती. जज बदलून जातो. सगळ्यांचं सगळं ऐकणारा टायपिस्टच असतो, आणि त्येला बोलायची बंदी असती. तुला वळखलं म्या. साक्षीदार क्रमांक चार. माझ्या मशीनवरच तुजी साक्ष झाली."

जयराज दाराकडं सरकला.

"तू पिंजऱ्यात उभा हुतास. डाव्या हातात, म्हणलास आन् थांबलास. साहेब माझ्याकडं बघाया लागले, मशीन का थांबलं म्हणून. माजी बोटं हवेत. मला वाटलं, आता ह्ये पोरगं खरं बोलतंय. आता बोलतंय. देवाला म्हणलं, बोलू दे." म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "मग तू घागर म्हणलास. आन् म्या टाइप केलं."

"काका, ते माझं घर आहे. भाऊ आहे माझा. घरातलं बाहेर सांगायचं असतं का?"

"मग ती कुठली हुती? बाहेरची? तिला घरात आणली तवा वाजत-गाजत आणली. मारली तवाबी ती घरातलीच हुती. साक्षीच्या दिवशीच बरी ती बाहेरची झाली." लालासाहेबांनी चष्मा काढला. "आरं, घर वाचवतो म्हणतोस, कुणाचं घर? ह्येचं पुन्हा लगीन झालं का न्हाई?"

झालं होतं. गेल्या वैशाखात. जयराजला नव्या वहिनीचा चेहरा आठवला. ती घरात पदर मानेभोवती गच्च आवळून वावरायची, भर उन्हाळ्यात. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"लय झालं कीर्तन," विश्वजीत म्हणाला.

पहिला तडाखा तोंडावर बसला. म्हातारा टेबलावर कोसळला. विश्वजीतनं त्याचा उजवा हात धरून टेबलावर दाबला, दुसऱ्या हातानं टाइपरायटर उचलला आणि बोटांवर आपटला. एकदा. दोनदा. हाडं मोडल्याचा आवाज शेंगा फुटल्यासारखा आला. भामाबाई किंचाळत धावली, तिनं विश्वजीतच्या मनगटाला चावा घेतला. त्यानं तिला लाथ घातली तशी ती भिंतीला जाऊन आदळली. धनाजीनं दार ओढून घेतलं.

"टाइप कर की आता," विश्वजीत म्हणाला. "कर."

लालासाहेबांच्या तोंडातून रक्त गळत होतं. ते काहीतरी पुटपुटले. विश्वजीत वाकला. "काय म्हणतोस?"

"लेख गेलाय," लालासाहेब म्हणाले. "बोटं मोडून काय उपेग?"

मग विश्वजीतनं कमरेचा पट्टा काढला. चार वर्षांपूर्वी काढला होता तसाच, एका झटक्यात, बक्कल हातात धरून. जयराज दाराशी उभा होता. त्याला कळत होतं की आपण पुन्हा दाराशी उभे आहोत, आणि पाय पुन्हा जमिनीला खिळलेत. तो मोजत होता. एक. दोन. तीन. तो काहीच करत नव्हता, फक्त मोजत होता. चौथ्याला त्याच्या लक्षात आलं की संयोगिताच्या वेळीही आपण मोजले होते. सात. शवविच्छेदनाच्या अहवालाच्या आधीपासून तो आकडा त्याला ठाऊक होता.

"दादा, बास," तो म्हणाला. आवाज फुटलाच नाही.

विश्वजीतनं म्हाताऱ्याला बनियनला धरून बाहेर फरफटत नेलं आणि जिन्यावरून ढकलून दिलं. दगडी जिना. सतरा-अठरा पायऱ्या. खाली आपटल्यावर लालासाहेब हलले नाहीत.

चाळीतली माणसं गोळा झाली. भामाबाई रांगत बाहेर आली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरच तिची शुद्ध गेली. कुणीतरी फोन केला. पोलीस चौकी जवळच होती, हवालदार मोटारसायकलवरून आला. तोवर विश्वजीतनं पट्टा कमरेला लावला होता, केसांवरून हात फिरवला होता आणि म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"काय झालं?" हवालदारानं विचारलं.

"आमी भेटायला आलतो, साहेब. म्हाताऱ्याचा पाय घसरला," विश्वजीत म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती. खरीच वाटावी अशी. "म्हातारीबी त्येला धराया गेली आन् पडली. इचारा माझ्या भावाला. वकिलीला हाय त्यो, खोटं बोलायचा न्हाई."

हवालदार जयराजकडं वळला. चाळ जयराजकडं बघत होती. धनाजी खिशात हात घालून उभा होता. विश्वजीत बघतही नव्हता, इतका त्याला भरवसा होता. भावाची साक्ष म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी, कधीही काढावं.

"बोल की," हवालदार म्हणाला. "पाय घसरला का?"

"न्हाई."

विश्वजीतनं मान वर केली.

"न्हाई घसरला," जयराज म्हणाला. "ह्यानं ढकलला. आधी टाइपरायटरनं बोटं मोडली, मग पट्ट्यानं मारलं. चार वळ असतील पाठीवर. मोजलेत मी. म्हाताऱ्या बाईला लाथ घातली. आणि ह्यांचा पत्ता मी दिला."

विश्वजीत म्हाताऱ्याचं डोकं दगडावर टाकून उठला. हवालदार मध्ये पडायच्या आत त्यानं जयराजच्या तोंडावर ठोसा मारला, मग दुसरा. पुढचे दोन दात गेले, जबडा सरकला. जयराज खाली पडला तरी तो लाथा घालत होता आणि ओरडत होता, "माझ्या जिवावर शिकलास, भडव्या!" त्याला आवरायला चाळीतले पाच जण लागले.

जयराजनं रक्त थुंकलं. "लिवून घ्या," तो हवालदाराला म्हणाला. "अजून एक हाय. चार वर्सांपूर्वीची."

"तिचा इथं काय संबंध?"

"तुमी लिवून तर घ्या."

लालासाहेब वाचले. खुब्याचं हाड मोडलं, उजव्या हाताची तीन बोटं कायमची गेली. सरकारी दवाखान्यात त्यांची खाट भिंतीकडेला होती आणि भामाबाई डोक्याला पट्टी बांधून उशाशी बसली होती. जबड्याला तार बांधलेला जयराज तिथं गेला आणि त्यानं पायाला हात लावला. भामाबाईनं तो हात झटकून टाकला.

"भामा, ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले. मग जयराजला म्हणाले, "माझी माफी मागू नगंस. तुझं माझं सारखंच हाय. तू एकदा खोटं बोललास, म्या बत्तीस वर्सं ते कोऱ्या कागदावर नीट उतरून घेतलं. समास सोडून. नोकरी जाईल म्हणून गप ऱ्हायलो. आपल्या जिल्ह्यात सैन्यात गेलेली पोरं घरोघरी हायत, गोळीपुढं उभी ऱ्हात्यात. पर थोरल्या भावापुढं उभा ऱ्हाणारा एक तरी दाव मला. शौर्य गावाच्या वेशीबाहेरच चालतं आपलं."

"आता काय करू, काका?"

"तिच्या बापानं हायकोर्टात अपील केलंय, पडून हाय. तिथं प्रतिज्ञापत्र दे. खोटी साक्ष दिली म्हणून तुझ्यावर खटला हुईल. सनद मिळंल न मिळंल."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असून आलास, मग बस," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सांगलीत अल्फियानं त्याला बसायलाही सांगितलं नाही. फोडलेलं पाकीट तिच्या टेबलावर होतं.

"नाव का झाकतो आपण, सांग," ती म्हणाली.

जयराजला तारेमुळं नीट बोलता येत नव्हतं.

"मी सांगते. लहान माणसाला मोठं बोलता यावं म्हणून. मोठ्या माणसाचा हात त्याच्या गळ्यापर्यंत पोचू नये म्हणून. तू तो पोचवलास. उद्या कुठला टायपिस्ट, कुठली नर्स आपल्याकडं लेख धाडेल? तू एका म्हाताऱ्याची बोटं नाही मोडलीस जयराज, ह्या खोलीची मोडलीस."

"लेख..."

"छापतेय. प्राचार्यांनी थांबवायला सांगितलंय. म्हणाले, पोलीस केस झालीय, कॉलेजचं नाव जाईल. मी म्हटलं, सर, कॉलेजचं नाव राखायला आणखी एक घागर लागली का?" तिनं रजिस्टर पुढं सरकवलं. "तुझं नाव संपादक मंडळातून काढलंय. इथं सही कर. आणि जाता जाता एक सांगते. तू त्या हवालदाराला खरं सांगितलंस, ते बरं केलंस. पण टाळ्या मिळतील असं समजू नकोस."

त्यानं सही केली. लेख छापला गेला, वर एकच नाव. लालासाहेब, शिक्षण बारावी. विश्वजीत आणि धनाजी त्या वेळी कोठडीत होते. नवी वहिनी माहेरी निघून गेली. गावात जयराजच्या नावानं लोक थुंकले. बापानं निरोप पाठवला की मुलगा मेला.

पुढच्या रविवारी जयराज एसटीनं आटपाडीला गेला. संयोगिताचा बाप, नाथाजी, डाळिंबाच्या बागेत छाटणी करत होता. दीड एकर, ठिबकावर वाढवलेली झाडं. त्यानं जयराजला ओळखलं आणि कात्री हातातून सोडली नाही.

"मामा," जयराज म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. वहिनीला दादानं मारलं. मी बघितलं. हायकोर्टात लिहून देतोय."

नाथाजीनं समोरची फांदी छाटली. मग त्यानं विचारलं, "ती काय म्हणली शेवटी?"

हा प्रश्न जयराजला कोर्टात कुणी विचारला नव्हता. पोलिसांनीही नाही. प्रतिज्ञापत्रात त्यानं पट्टा लिहिला होता, पाना लिहिला होता, घागरीचं खोटं लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं.

"मला हाक मारली," तो म्हणाला. "भाऊजी, दार उघडा, म्हणाली. दोनदा."

"मग?"

"मी आतनं कडी घातली."

नाथाजीनं कात्री मिटली. जयराज मार खायला तयार उभा होता, खरं तर तो त्यासाठीच आला होता. नाथाजीनं मारलं नाही. तो खाली ढेकळावर बसला, गुडघ्यात डोकं घातलं, आणि पाठ हलत राहिली. उठला तेव्हा त्याचा आवाज कोरडा होता.

"ह्येबी लिव त्यात. कडी घातली ते. आन् कोर्टात उभा ऱ्हाशील तवा रडू नगंस. तू रडलास तर लोकास्नी तुजी दया येईल. दया तिची याया पायजे."

जयराजनं मान हलवली.

"जा आता," नाथाजी म्हणाला. "पाणी मागू नगंस इथं."

तो पाणी न मागता स्टँडपर्यंत चालत गेला. चार मैल, भर उन्हात. संध्याकाळी सांगलीला पोचल्यावर त्यानं प्रतिज्ञापत्राचा मसुदा काढला आणि कडीचं वाक्य त्यात घातलं. पहिल्यांदा 'दार उघडू शकलो नाही' असं लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'मी दाराला आतून कडी घातली.'

बाबांनो, बायांनो, ही गोष्ट वाचून विश्वजीतला शिव्या घालाल. घाला. पण मारणारा हात एकच असतो, त्याला घरी सुखरूप आणायला चार तोंडं लागतात, आणि ती तोंडं तुमची-माझी असतात. लेकीसुना मरतात त्या पट्ट्यानं कमी आणि आपल्या गप्प राहण्यानं जास्त. घराची अब्रू म्हणून जे झाकता, त्याखाली एक जीव गुदमरत असतो, आणि तो मेला की त्याच फडक्याखाली पुढचा जातो. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, तुमच्या पलीकडच्या खोलीत आज कुणी हाक मारत असेल तर कायदा येईल, पोलीस येतील, कॉलेजातली पोरं लिहितील, पण ते सगळे उशिरा येतील. पहिलं पोचायचं तुम्हीच. उठा आणि दार उघडा.